आम्हाला वेगळा कोपरा नको होता

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात, जुन्या ले-आउटमध्ये बारा-तेरा गुंठ्यांची एक खुली जागा आहे. कागदोपत्री नगरपरिषदेची. आज तिथे मुलांचं मैदान आहे. माझा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणं) असलेला, व्हीलचेअर वापरणारा मुलगा, शेजारच्या बंगल्यातली जुळी भावंडं, कानामागे यंत्र लावणारी पाचवीतली एक मुलगी आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरं तिथे एकाच वेळी खेळतात. हे उभं राहीपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहून काढते आहे, कारण इतर गावांतल्या पालकांचे फोन येतात आणि फोनवर सगळं सांगून होत नाही.

सुरुवात झाली ती फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. मुलं आत व्यायाम करत असतात तेव्हा आया, बाप, आज्या बाहेर बसलेल्या असतात. बोलणं ठरलेलं: डॉक्टरांची तारीख, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा, शाळेचा जिना, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा. एकदा एका आजींनी विचारलं, "सगळं करतो आपण यांचं, पण ही खेळतात कधी?" कोणी काही बोललं नाही.

गावात बाग होती. पण मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून तिच्या दारात लोखंडी नळ्यांचा वळसा बसवला होता. त्यातून व्हीलचेअर जातच नाही. मुलाला उचलून आत नेलं तर झोपाळ्यांखाली वाळू, चाकं रुतून बसतात. झोपाळ्याच्या फळीला पाठ नाही, धरायला दोन साखळ्या, आणि ज्याचा तोल कमरेतून सांभाळला जात नाही त्याला साखळी धरून काय उपयोग? माझा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत बागेत माझ्या मांडीवर बसूनच बाकीच्यांना बघत होता.

आम्हा पालकांना एकत्र आणलं ते गट साधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्रातल्या, विशेष शिक्षिकांनी. तालुक्यात कोणत्या शाळेत कोणतं मूल आहे, कोण कशामुळे घरी बसलं आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की चाकाच्या खुर्चीपुरता विचार करू नका. "माझ्याकडे कमी दिसणारी मुलं आहेत, ऐकू न येणारी आहेत, स्वमग्न आहेत. रॅम्प केला म्हणून त्यांचं काहीच सुटत नाही." दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, हे मला तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं.

आम्ही अर्ज लिहिला. त्यात हा कायदा होता, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं खेळण्याच्या हक्काचं ३१वं कलम होतं (भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला), आणि संयुक्त राष्ट्रांच्याच दिव्यांग हक्कांच्या करारातलं ३०वं कलम होतं, ज्यात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता यावं असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. या 'बरोबरीने'खाली मी लाल पेनाने रेघ मारली होती.

तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. एका अर्थी ते सोपं गेलं, एका अर्थी अवघड. ऐकणारं माणूस एकच, पण त्याची बदली झाली की सगळं पहिल्यापासून. बांधकाम विभागातल्या अभियंत्यांनी अर्ज नीट वाचला आणि मनापासून म्हणाले, "आहे त्या बागेतच एक कोपरा देतो ना तुमच्या मुलांना. जाळी लावू, दोन खास झोपाळे बसवू, बोर्ड लावू."

यावरून आमच्यातच बरीच चर्चा झाली, कारण निम्म्या पालकांना कोपरा पटला होता. मिळतंय ते घ्या. तिथे कोणी धक्का देणार नाही, कोणी टक लावून बघणार नाही. ही भीती खोटी नव्हती, ज्यांनी बोलून दाखवली त्यांनी ती सोसलेली होती. पण माझ्या मुलाच्या दिवसात जी माणसं येतात ती सगळी मोठी: मी, त्याचे बाबा, थेरपिस्ट, मदतनीस. त्याच्या वयाचं मूल त्याला भेटायचं तर ते मूल जिथे खेळतं तिथेच त्याला असायला हवं. जाळीतल्या झोपाळ्यावर त्याला झोका पुन्हा मीच देणार. मग घरच काय वाईट? मी हे बोलले, वाद झाला, दोन कुटुंबं काही काळ यायची बंद झाली. शेवटी ठरलं की मागायचं ते अख्खं मैदान, आणि ते सगळ्या मुलांचं. बेंगळुरूत किलिकिली या पालकांच्या संस्थेने महापालिकेबरोबर कोल्स पार्कसारख्या सार्वजनिक बागांतच असं काम उभं केलं आहे. त्याची माहिती आणि फोटो आम्ही अर्जाला जोडले. अभियंत्यांवर कायद्याच्या कलमांपेक्षा त्या फोटोंचा परिणाम जास्त झाला.

पुढचा प्रश्न पैशाचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. कार्यालयातून सुचवलं गेलं की मैदान त्यातून करू. आम्ही खूश. पण गावातल्या दिव्यांग संघटनेचे अध्यक्ष आपल्या तीनचाकी स्कूटरवरून थेट आमच्या घरी आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा निधी मिळवायला त्यांनी कितीतरी वर्षं उपोषणं केली. त्यातून कोणाला व्यवसायाला मदत मिळते, कोणाला उपकरण मिळतं. "तुमचं मैदान झालंच पाहिजे ताई. पण आमच्या ताटातलं काढून नका करू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मात्र सगळं लख्ख दिसलं. बाग ही गावाची, तर तिचा खर्च बागेच्या लेखाशीर्षातून व्हायला हवा. सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येईल अशी करणं हे कायद्यानेच त्यांच्यावर टाकलेलं काम आहे. रॅम्पचा खर्च 'दिव्यांगांसाठी' म्हणून वेगळा काढला की कागदावरसुद्धा आमची मुलं कोपऱ्यातच जातात. आम्ही तसं लेखी दिलं आणि त्यावर अध्यक्षांनीही सही केली. ५ टक्क्यांना हात लागला नाही. उद्यानाच्या तरतुदीतून मोठा हिस्सा मिळाला, उरलेला एका स्थानिक उद्योगाच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून. या एका निर्णयाने आमचं काम बरंच लांबलं. इतर गावांतल्या पालकांना मी तरीही हेच सांगते.

मग आराखडा. त्याआधी आम्ही मुलांना विचारलं. सुटीच्या दिवशी झेडपी शाळेच्या मैदानावर फक्कीने अख्खा आराखडा खऱ्या मापात आखला: वाट, टेकाड, झोपाळे, चक्र. मुलांना म्हटलं, खेळा. दिव्यांग मुलं होती, त्यांची भावंडं होती, त्या शाळेतली पोरंही आली. दोन तासांत जे कळलं ते महिनाभर टेबलाशी बसून कळलं नसतं. मुलाची खुर्ची वळायला निदान पाच फुटांचं वर्तुळ लागतं हे मला वाचून ठाऊक होतं. पण पाच फुटांत तो कसाबसा वळतो आणि बाजूने दुसरं मूल पळत गेलं की अडकतो, हे तिथे दिसलं. वाट सहा फुटांची केली. अगदी थोडं दिसणारी एक मुलगी फक्कीच्या रेघेवरून चालत झोपाळ्यांच्या जागेपर्यंत आली आणि थबकली. म्हणाली, "इथून पुढे झोका येईल का अंगावर? मला कळणार कसं?" त्यातूनच ठरलं की झोपाळ्यांच्या हद्दीभोवती उंचवट्यांच्या ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा हव्यात, रेल्वे फलाटाच्या कडेला असतात तशा. तिथे पायाला कळतं.

स्वमग्न मुलांच्या आयांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, मैदानाला पूर्ण कुंपण आणि दार एकच, कारण त्यांची मुलं अचानक धावत सुटतात आणि बाहेर रस्ता आहे. दुसरी, गोंगाट सहन झाला नाही तर बसायला करंजाच्या झाडाखाली एक आडोशाची जागा, पण तिथून खेळ दिसायला हवा. हा कोपरा मी आनंदाने मान्य केला, कारण तिथे कोणीही जाऊन बसावं, पाहिजे तेव्हा बाहेर यावं असा तो आहे. आता तिथे आजोबा मंडळी जास्त बसतात. त्यांना उठवावं लागतं, ते उठतात.

घसरगुंडीने सगळ्यात दमवलं. चढणीचं गणित असं, की एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. बाजारातल्या तयार घसरगुंडीचा मचाण चार फुटांवर, म्हणजे ४८ फूट रॅम्प, शिवाय मधले सपाट टप्पे. लोखंडात तो करायचा तर सगळे पैसे तिथेच संपले असते. उपाय सुचवला तो आमच्यातल्या एका वडिलांनी. ते गवंडीकाम करतात. "मचाण कशाला? टेकाड करू," ते म्हणाले. जागेवर राडारोडा पडलेलाच होता. तो तळाला, वर मुरूम, वर माती आणि हिरवळ. तीन फुटांचं टेकाड, त्याला वळसा घालून चढणारी वाट, कडेला दोन उंचीचे कठडे, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक खुर्चीतल्या मुलाच्या हाताला. घसरगुंडी टेकाडाच्या उतारातच बसवली, त्यामुळे बाजूने पडायला खोली उरलीच नाही. ती दोघांच्या रुंदीची आहे, म्हणजे ज्याला एकट्याला बसता येत नाही त्याच्या मागे कोणीतरी बसून दोघं मिळून घसरतात. वर पोहोचल्यावर खुर्चीतून उतरायला खुर्चीच्याच उंचीचा, साधारण १८ इंचांचा ओटा आहे. तसाच एक खाली, कारण घसरून आल्यावर खुर्ची येईपर्यंत मुलाने बसायचं कुठे, याचा विचार कोणत्याही कॅटलॉगात नव्हता. खुर्ची खाली आणायचं काम मुलंच करतात, आणि त्यावरून त्यांची भांडणं होतात.

घसरगुंडी कशाची करायची हाही प्रश्न होता. फायबर आणि प्लॅस्टिक धातूपेक्षा कमी तापतं, स्वस्त पडतं. पण प्लॅस्टिकवर घासून अंगात स्थिर वीज साठते, आणि कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं, ऐकायला मदत करणारं उपकरण) असलेल्या मुलांना कानामागचं यंत्र काढून ठेवून मगच अशा घसरगुंडीवर जायला सांगतात, नाहीतर त्या मुलासाठी यंत्रात केलेली आवाजाची जुळवणी बिघडू शकते. यंत्र काढलं म्हणजे मैत्रिणी काय ओरडताहेत ते ऐकू येणार नाही. म्हणून स्टेनलेस स्टील घेतलं. ते आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात चटका देतं, तेव्हा तिचं तोंड उत्तरेला केलं आणि वर हिरवी शेडनेट ताणली. तरी भर दुपारी कोणाला बसू देत नाही.

झोपाळ्याबद्दल पुरवठादाराने आग्रहाने दाखवला तो व्हीलचेअरसकट झुलणारा लोखंडी झोपाळा. फोटोत फार छान दिसतो. पण तो इतका जड, की समोर कोणी आलं तर जीवावर बेतेल. म्हणून त्याला स्वतंत्र कुंपण लागतं, कुलूप लागतं, किल्ली रखवालदाराकडे. पुन्हा जाळी, पुन्हा वेगळा कोपरा. आम्ही त्याऐवजी एकाच सांगाड्यात चार झोपाळे घेतले: दोन साध्या फळीचे, एक उंच पाठीचा आणि पट्ट्याचा, आणि एक गोल जाळीचा टोपलीसारखा, ज्यात तीन-चार मुलं आडवी पडून झुलतात. यात एक उणीव राहते आणि ती मला बोचते. चौदा-पंधरा वर्षांच्या, वजनाने वाढलेल्या मुलाला आई एकटी उचलून त्या पाठीच्या झोपाळ्यात बसवू शकत नाही. त्यांच्यासाठी जमिनीच्या पातळीत बसवलेलं गोल चक्र आहे. खुर्ची सरळ वर ढकलायची, ब्रेक लावायचा, कडेला बाकीची पोरं उभी राहतात आणि चक्र फिरतं.

कार्यालयीन भाग थोडक्यात सांगते, पण तो माहीत असावा. सरकारी अंदाजपत्रक दरसूचीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांच्या यादीवर चालतं, आणि सूचीत नसलेल्या वस्तूंसाठी वेगवेगळ्या पुरवठादारांची दरपत्रकं मागवून दराचं पृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याचा हिशेब, जोडावं लागतं. उंच पाठीचा झोपाळा दरसूचीत कुठून असणार? ही कागदपत्रं अर्जदारांनी आधीच गोळा करून दिली तर फाइल पळते. आम्ही दिली. तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या प्रत्येक टेबलावर आमच्यातलं कोणीतरी जाऊन बसत होतं, बहुतेक वेळा मुलाला घेऊन. माझ्या मुलाची खुर्ची कार्यालयाच्या पायऱ्यांवरून उचलून नेताना तिथले शिपाई हात लावायचे. पुढे त्यांनीच साहेबांना सांगून तिथेही रॅम्प करून घेतला.

काम सुरू झाल्यावर जमिनीने त्रास दिला. आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर केलेलं काँक्रीट उचलून फोडते. साध्या पायवाटेला तडा गेला तर माणूस ओलांडून जातो, खुर्चीचं पुढचं लहान चाक मात्र अर्ध्या इंचाच्या फटीत अडकतं आणि मूल तोंडावर पडतं. म्हणून काळी माती दोन-अडीच फूट खणून काढायची, मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि मग काँक्रीट, वर झाडू फिरवून खरबरीत केलेलं. ठेकेदाराला हे 'पायवाटेसाठी' फार वाटत होतं. आमच्या गवंडी वडिलांनी तिथे उभं राहून थर मोजून घेतले. झोपाळ्यांखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी रबराच्या फरशा आहेत. अख्खं मैदान एकसंध रबराचं करायचे पैसे नव्हते.

चक्र बसवलं तेव्हा वाट आणि चक्र यांच्यात दीड-दोन इंचांचा उंबरठा राहिला होता. ठेकेदाराच्या माणसाच्या मते, "एवढ्याने काय होतंय?" माझा मुलगा तिथेच होता. त्याने स्वतः खुर्ची पुढे घातली, चाक अडलं, त्याने मागे घेतली, पुन्हा घातली, पुन्हा अडलं. कोणी काही बोललं नाही. त्या माणसाने छिन्नी मागवली आणि संध्याकाळपर्यंत कड फोडून समपातळीत आणली. चक्राच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठू नये म्हणून खालून पाइप गटाराला जोडला आहे. तो दर पावसाळ्याच्या आधी साफ करावा लागतो.

दारातला वळसा आम्ही नको म्हटला, तर मोटारसायकली येणार, अशी ले-आउटमधल्या लोकांची हरकत. ती रास्त होती. चार फुटी दार, आपोआप मिटणारी बिजागरी, आणि खुर्चीतल्या मुलाचा हात पोहोचेल पण धावत सुटलेल्या मुलाला पटकन उघडणार नाही अशी कडी. ही कडी जमवायला फॅब्रिकेटरने तीन नमुने केले. गाड्यांसाठी बाहेर जागा आखून दिली. समोरचा पानपट्टीवाला लक्ष ठेवतो.

बैठकीत एका बाईंनी विचारलं होतं, की आमच्या मुलांच्या धक्क्याने यांना लागलं तर जबाबदार कोण? मी सांगितलं, तुमच्या मुलांच्या धक्क्याने एकमेकांना लागतं तेव्हा जे करता तेच. फलकावर 'दिव्यांग उद्यान' लिहायचं घाटत होतं, ते आम्ही होऊ दिलं नाही. फक्त ले-आउटचं नाव आणि 'मुलांचं मैदान' एवढंच आहे, खाली ब्रेलमध्येही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाकावर बसले होते. माझा मुलगा चक्रावर होता आणि उतरायला तयार नव्हता. वस्तीतली एक सात-आठ वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "ए, तुझा नंबर झाला ना? उतर आता. सगळ्यांना पाहिजे." तो रडवेला झाला, माझ्याकडे बघायला लागला. मी जागची हलले नाही. त्याला इतक्या वर्षांत कोणी असं बोललंच नव्हतं. त्याला सगळे सोडून देत आले. तो ब्रेक काढून खाली आला आणि रांगेत तिच्या मागे जाऊन थांबला. मला डोळ्यांतलं पाणी आवरेना, शेजारच्या आजींनी पदर पुढे केला.

आता देखभालीचं. झोपाळ्याच्या पट्ट्यांचे बक्कल तुटतात, रबराच्या फरशा कडेने उचकटतात, शेडनेट वाऱ्याने फाटते. बक्कल तुटला की साध्या फळ्या चालू राहतात आणि बंद पडतो तो पाठीचा झोपाळा, म्हणजे सगळ्यांचं मैदान नकळत पुन्हा काहींचंच होतं. म्हणून सुटे बक्कल आम्ही जादा घेऊन ठेवले आहेत आणि देखभालीचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून घालून घेतला आहे. ज्या पालकांचं काम सुरू होतंय त्यांनी ही ओळ पहिल्याच अर्जात मागावी. मागाहून मिळवायला आम्हाला फार झगडावं लागलं.

शौचालय राहिलं आहे. खुर्ची आत जाईल, मोठ्या मुलाला आडवं ठेवून कपडे बदलता येतील असं. ते नसल्यामुळे काही आया तासाभरात मुलांना घेऊन घरी परततात. अर्ज दिला आहे, जागा आखून झाली आहे, पाण्याची जोडणी कुठून घ्यायची यावर पाणीपुरवठा विभागाचा शेरा यायचा आहे. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जातो आहोत.